उष्ण किनारी पाण्यात नौकेचा तळ किती दिवसांनी साफ करावा? : कोकण किनाऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावरील मासेमारी, जलवाहतूक आणि पर्यटन या तिन्ही व्यवसायांत इंधन हा खर्चाचा मोठा भाग असतो. इंधनाची चर्चा निघाली की इंजिनाची क्षमता, डिझेलचा दर आणि शासनाकडून मिळणारा कराचा परतावा यांविषयी बोलले जाते. नौकेच्या तळाची स्थिती मात्र पाण्याखाली आणि म्हणून विचाराबाहेर राहते. या तळावर जिवाणू, शेवाळ, बार्नॅकल, कालवे, नलिकाकृमी अशा सजीवांचा थर सातत्याने वाढत असतो. बायोफाउलिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या थरास प्रस्तुत लेखात ‘जैवपुट’ असे म्हटले आहे.

जैवपुट काढले पाहिजे याविषयी कोणाचेही दुमत नाही. किती दिवसांनी काढावे, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सरळ नाही. समशीतोष्ण देशांत हंगाम संपल्यावर नौका पाण्याबाहेर घेऊन वर्षातून एकदा तळ साफ करण्याचा व रंगविण्याचा प्रघात आहे. कोकणातही पावसाळ्यात नौका वर ओढून शाकारण्याची जुनी रीत असल्याने ‘वर्षातून एकदा’ हे उत्तर येथेही सहज स्वीकारले जाते. परंतु दोन्ही ठिकाणच्या समुद्रांचे स्वभाव भिन्न आहेत. तिकडे हिवाळ्यात जैवपुटाची वाढ जवळजवळ थांबते. कोकण किनाऱ्याचे पाणी वर्षभर साधारणतः २६ ते ३० अंश सेल्सिअस इतके उबदार असते व येथील सजीवांना अशी सक्तीची विश्रांती मिळत नाही. त्यामुळे साफसफाईचे मध्यांतर ठरविताना दिनदर्शिकेपेक्षा जैवपुट वाढीच्या कोणत्या अवस्थेत आहे, हा निकष अधिक विश्वसनीय ठरतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

जैवपुटाची वाढ

स्वच्छ पृष्ठभाग समुद्रात बुडताच काही मिनिटांत पाण्यातील सेंद्रिय रेणूंचे अतिसूक्ष्म आवरण त्यावर बसू लागते. त्यावर काही तासांत जिवाणू स्थिरावतात व स्वतःभोवती चिकट द्रव्य तयार करतात. पुढील काही दिवसांत डायाटम व इतर सूक्ष्म शैवले त्यात मिसळतात. या टप्प्यावर तळ हाताला बुळबुळीत लागतो, परंतु मऊ फडक्याने तो सहज पुसता येतो. जैवपुटाची ही पहिली अवस्था होय.

दुसरी अवस्था प्राण्यांच्या डिंभांपासून सुरू होते व त्यांत बार्नॅकल हा सर्वांत त्रासदायक आहे. त्याचे कवच पाहून तो शिंपल्यांचा नातेवाईक असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो कोळंबी व खेकड्यांच्या वर्गातील, म्हणजे कवचधारी संधिपाद प्राणी आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे या प्राण्यांच्या अभ्यासास दिली. भारतीय बंदरांत सर्वत्र आढळणाऱ्या अँफिबॅलॅनस अँफिट्राइट या जातीचे वर्णनही त्यांनीच १८५४ मध्ये केले. बार्नॅकलची पिल्ले नॉप्लियस डिंभाच्या सहा अवस्थांतून जातात आणि अखेरीस सायप्रिस डिंभात रूपांतरित होतात. सायप्रिस अन्न घेत नाही. योग्य जागा शोधणे एवढेच त्याचे काम. शृंगिकांनी पृष्ठभाग चाचपत तो चालतो, जागा पसंत पडली की प्रथिनयुक्त सिमेंट सोडून डोक्याच्या बाजूने कायमचा चिकटतो आणि भोवती चुन्याचे कवच बांधू लागतो. उबदार पाण्यात अंड्यातून बाहेर पडल्यापासून या अवस्थेपर्यंतचा प्रवास सुमारे आठवडाभरात पूर्ण होतो. रंग न दिलेल्या किंवा रंगाचा प्रभाव संपलेल्या तळावर एक-दोन आठवड्यांत टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसू लागतात, ते यामुळेच.

सायप्रिस डिंभ स्वजातीयांच्या सान्निध्यात बसणे पसंत करतो, ही बाब साफसफाईच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. बार्नॅकलच्या शरीरातील व तळपट्टीतील प्रथिने त्याला आकर्षून घेतात. त्यामुळे खरवडताना वरचे कवच फोडले पण तळपट्टी रंगावर तशीच राहिली, तर ती नव्या डिंभांसाठी आमंत्रणच ठरते. प्रौढ बार्नॅकलच्या कवचात अंडी असतील तर खरवडण्याने तीही त्याच बंदराच्या पाण्यात पडतात. अर्धवट साफसफाई ही काही वेळा न केलेल्या साफसफाईपेक्षा वाईट, असे जे अनुभवी लोक म्हणतात त्याला असा जीवशास्त्रीय आधार आहे.

घर्षण व इंधन

पृष्ठभागाचा खडबडीतपणा नौकेला किती अडवतो याचा पद्धतशीर अभ्यास विल्यम फ्राउड यांनी इंग्लंडमधील टॉर्की येथे १८७० च्या दशकाच्या आरंभी केला. वार्निश, वाळू, कापड असे निरनिराळे लेप दिलेल्या फळ्या पाण्यातून ओढून त्यांनी प्रत्येकीचा रोध मोजला होता. अलीकडच्या काळात अमेरिकी संशोधक मायकेल शुल्ट्झ यांनी २००७ मध्ये एका फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेसाठी केलेले गणित वारंवार उद्धृत होते. त्यानुसार १५ नॉट वेगाने जाताना केवळ हलका बुळबुळीत थर असेल तर लागणारी शक्ती सुमारे ११ टक्क्यांनी वाढते. थर जाड झाल्यास ही वाढ २१ टक्के, बारीक चुनखडी कवचांची वस्ती असल्यास ३५ टक्के, मध्यम वस्ती असल्यास ५४ टक्के आणि दाट वस्तीत तब्बल ८६ टक्क्यांपर्यंत जाते.

हे आकडे युद्धनौकेचे आहेत. ते हर्णै किंवा मालवणच्या मासेमारी नौकेस जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही त्यांतील चढण लक्षात घेण्याजोगी आहे. मऊ थरापासून कवचापर्यंत जाताना तोटा एकदम वाढतो, आणि नेमक्या याच टप्प्यावर काढण्याचे श्रमही वाढतात. फडक्याचे काम पटाशीवर जाते.

लहान नौकेसाठी एक साधा हिशेब मांडता येईल. एखादी नौका समुद्रात असताना दिवसाला १०० लिटर डिझेल वापरते व महिन्यातून २० दिवस बाहेर असते असे समजू. तळ खराब झाल्यामुळे खपात १० टक्के वाढ झाली तर महिन्याला २०० लिटर डिझेल केवळ जैवपुट वाहून नेण्यात जाते. दोन माणसांच्या अर्ध्या-एका दिवसाच्या मजुरीशी या रकमेची तुलना करावी. अर्थात हा हिशेब सर्व नौकांना सारखा लागू नाही. ट्रॉलर जाळे ओढत असताना मुख्य रोध जाळ्याचा असतो, तळाचा वाटा तुलनेने कमी होतो. त्याचा लाभ जाण्या-येण्याच्या प्रवासातच दिसेल. याउलट प्रवासी लाँच, पर्यटन नौका व दूरवर जाऊन गळ किंवा तरती जाळी टाकणाऱ्या नौका यांचा बराचसा वेळ निव्वळ धावण्यात जातो. स्वच्छ तळाचा फायदा त्यांना सर्वाधिक आहे. पंख्याच्या बाबतीत मात्र अपवाद करण्याचे कारण नाही. पंख्याचे क्षेत्रफळ अल्प, त्यावर बहुधा रंगही नसतो, आणि काही मोजक्या बार्नॅकलनीही त्याची कार्यक्षमता घटते. सबंध तळ साफ करणे शक्य नसेल तेव्हा निदान पंखा साफ करावा. इतक्या थोड्या श्रमात एवढा लाभ देणारे दुसरे काम नाही.

साफसफाईची किंमत

मग दर आठवड्याला तळ का घासू नये? या प्रश्नाचे उत्तर रंगाच्या कार्यपद्धतीत आहे. प्रचलित अँटीफाउलिंग रंगांत मुख्यतः क्युप्रस ऑक्साइड असते. रंगातून तांबे सावकाश विरघळत राहते व त्या विषारी आवरणामुळे डिंभ बसत नाहीत. संरक्षण टिकायचे तर रंग झिजलाच पाहिजे, हे तत्त्व दोनशे वर्षांपूर्वीच एका अपयशातून स्पष्ट झाले होते. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये वेस्ट इंडीजच्या उष्ण समुद्रात जाणाऱ्या अलार्म या जहाजाच्या तळाला लाकूड पोखरणाऱ्या टेरेडो अर्थात नौकाकृमीपासून रक्षण म्हणून तांब्याचा पत्रा ठोकला. पत्रा समुद्राच्या पाण्यात झिजतो म्हणून १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी त्याला जस्त व लोखंडाचे तुकडे जोडण्याची युक्ती काढली. तांबे वाचले, परंतु ते विरघळेनासे होताच त्यावर शेवाळ आणि बार्नॅकल यांची वस्ती झाली व नौदलाला ही योजना गुंडाळावी लागली. रसायनशास्त्राच्या वर्गात विद्युत्-रासायनिक संरक्षणाचा यशस्वी प्रयोग म्हणून डेव्ही यांचे हे कार्य शिकविले जाते. त्याची ही दुसरी बाजू सांगण्यासारखी आहे.

घासण्याने रंग अकाली झिजतो. मऊ, स्वतः झिजणाऱ्या रंगावर कडक ब्रश किंवा लोखंडी पटाशी चालविली तर वर्षभरासाठी दिलेला थर काही महिन्यांत संपतो व त्यानंतर जैवपुट अधिकच जोमाने वाढते. म्हणजे अतिवारंवार व कठोर साफसफाई स्वतःचीच गरज वाढवीत जाते. शिवाय निघालेले तांबे खाडीच्या गाळात जाते. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील शेल्टर आयलंड या क्रीडानौकांच्या धक्क्यात पाण्यातील तांब्याचा भार मोजला असता त्यातील सुमारे ९८ टक्के भाग नौकांच्या रंगातून येत असल्याचे आढळले. त्यात पाण्याखालील साफसफाईचा वाटा सुमारे ५ टक्के होता, उरलेले तांबे रंगातून आपोआप पाझरत होते. याचा अर्थ साफसफाई हा प्रदूषणाचा मुख्य उगम नाही. मात्र बंदिस्त, उथळ जागी अनेक नौका एकाच वेळी खरवडल्या जातात तेथे तिची उपेक्षाही करता येत नाही. तांब्याहून प्रखर अशा ट्रायब्युटिल टिन संयुगांचा अनुभव बोलका आहे. फ्रान्समधील आर्काशों उपसागरातील कालवांची शेती या रंगांमुळे १९७० च्या दशकाच्या अखेरीस संकटात आली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा यासंबंधीचा करार २००१ मध्ये झाला व २००८ मध्ये अमलात आला. सायब्युट्रिन या आणखी एका रसायनावर २०२३ पासून बंधन आले. पर्याय म्हणून सांगितले जाणारे सिलिकॉनचे गुळगुळीत लेप विषारी नसतात, परंतु जैवपुट झटकून टाकण्यासाठी त्यांना वेग लागतो. सात-आठ नॉटने चालणाऱ्या व दिवसेंदिवस धक्क्याला उभ्या राहणाऱ्या नौकेस त्यांचा पूर्ण लाभ मिळत नाही.

कोकणचे ऋतुचक्र व भरती-ओहोटी

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही एकसष्ट दिवसांची मासेमारी बंदी यांत्रिक नौकांना लागू असते. या काळात नौका वर काढून, झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारून, डागडुजी व रंगकाम होते. लाकडी होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची पद्धत याच काळातली. नौका ऑगस्टमध्ये पाण्यात उतरते तेव्हा दोन गोष्टी तिच्या बाजूने असतात. रंग ताजा असतो आणि पावसाच्या पाण्याने खाड्यांची क्षारता घटलेली असते. दिवाळीनंतर खाडीत खारे पाणी पुन्हा आत सरकू लागते. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत पाणी उबदार व पूर्ण खारे असते, आणि नेमका तेव्हाच रंगाचा प्रभाव ओसरलेला असतो. सारांश, हंगामाच्या आरंभी जे मध्यांतर पुरते ते अखेरीस पुरत नाही. एकच ठरीव आकडा वर्षभर पाळणारा मालक पहिल्या सहामाहीत विनाकारण रंग झिजवितो व दुसऱ्या सहामाहीत डिझेल जाळतो.

खाडीच्या गोड्या पाण्यात नौका नेल्याने जैवपुट मरते, हा समज अर्धाच खरा आहे. मऊ शैवले व काही हायड्रॉइड गोड्या पाण्यात तग धरत नाहीत. बार्नॅकल मात्र तोंडावरील झडपा मिटून घेऊन दिवसचे दिवस राहू शकतो. नौकाकृमीही आपल्या बिळाचे तोंड बंद करून घेतो. एका ओहोटीपुरती नौका कोरडी ठेवल्याने नौकाकृमी मरत नाही तो यामुळेच. पावसाळाभर नौका जमिनीवर ठेवण्याच्या रीतीचा खरा लाभ या दीर्घ कोरडेपणात आहे. मराठा आरमारालाही पावसाळ्यात नौका अशाच विसाव्यास ठेवाव्या लागत. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीतील गोदीचे अवशेष या गरजेची साक्ष देतात.

हंगामात तळ साफ करण्याची किनाऱ्यावरील सुलभ पद्धत म्हणजे उधाणाच्या भरतीला नौका काठावर चढविणे, ओहोटीत ती कोरडी पडली की काम उरकणे व पुढच्या भरतीला पाण्यात लोटणे. मुंबईच्या परिसरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर चार ते पाच मीटर होते, गोव्यात ते दोन मीटरच्या आसपास राहते. त्यामुळे ही सोय उत्तरेकडे अधिक, दक्षिणेकडे कमी. उधाण अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येत असल्याने येथील साफसफाईचे नैसर्गिक एकक पंधरवडा हेच आहे. महिने-आठवड्यांपेक्षा तिथीने ठरविलेले वेळापत्रक येथे व्यवहार्य ठरते. यात एक अडचण आहे आणि ती लहान नाही. रायगड, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील डोलीची मासेमारी प्रवाहाच्या जोरावर चालते व तिचे कमाईचे दिवसही उधाणाचेच असतात. भांगेच्या दिवसांत हे मच्छीमार मोकळे असतात, पण तेव्हा नौका पुरेशी कोरडी पडत नाही. तळ साफ करायचा तर एका चांगल्या दिवसाची मासळी सोडावी लागते. अशा नौकांबाबत ‘आळसामुळे तळ साफ करत नाहीत’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. त्यांना भांगेत पाण्यात उतरून पंखा, सुकाणू व पाणरेषेचा पट्टा फडक्याने पुसणे एवढाच मार्ग उरतो, व तो निरुपयोगी नाही.

मध्यांतराचा निर्णय

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक मर्यादा मांडता येतात. ताजा रंग असलेल्या व रोज धावणाऱ्या नौकेस ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात सहसा साफसफाई लागत नाही. पंधरा दिवसांनी पाहणी पुरेशी आहे. डिसेंबरनंतर किंवा रंग झिजल्यावर तीन ते चार आठवड्यांनी हलक्या हाताने पुसणे योग्य. फेब्रुवारी ते मे या काळात एक आठवड्याहून अधिक काळ धक्क्याला उभ्या राहिलेल्या नौकेचा तळ प्रत्येक उधाणाला, म्हणजे दोन आठवड्यांनी पाहावा व थर दिसल्यास पुसावा. मुळातच रंग नसलेल्या तळाला दोन आठवडे ही कमाल मर्यादा समजावी. उभे राहण्याचे दिवस हे धावण्याच्या दिवसांपेक्षा अधिक महत्त्वाचे आहेत, कारण सायप्रिस डिंभ वाहत्या पृष्ठभागापेक्षा स्थिर पृष्ठभागावर सहज बसतो. एकदा कवच पक्के झाले की मग घाई व्यर्थ आहे. अशा वेळी नौका वर काढून, तळपट्टीसह सर्व खरवडून, उघड्या पडलेल्या जागी पुन्हा रंग देणे हाच मार्ग.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही दिवसांऐवजी अवस्थेचाच निकष आहे. तेथे शून्य ते चार अशी श्रेणी दिली आहे. केवळ सूक्ष्मजीवांचा थर असेल तर श्रेणी एक, आणि डोळ्यांना दिसणारे प्राणी आले की श्रेणी दोन व पुढे. श्रेणी एकपर्यंत प्रतिबंधक स्वरूपाची साफसफाई, त्यापुढे निघालेला मल गोळा करून घेणारी साफसफाई, असा भेद त्यात केला आहे. ही तत्त्वे बंधनकारक नाहीत व मोठ्या जहाजांना समोर ठेवून लिहिलेली आहेत. त्यामागील तर्क मात्र होडीलाही लागू पडतो.

मल गोळा करण्यावर एवढा भर का, याचे उत्तर भारतीय बंदरांच्याच इतिहासात आहे. मेक्सिकोचे आखात व कॅरिबियन भागातील मायटिलॉप्सिस सॅली हा शिणाण्यासारखा दिसणारा लहान शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणम येथे आढळला व पुढे मुंबईच्या गोदीतही त्याची नोंद झाली. हाच शिंपला मार्च १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन बंदराच्या क्रीडानौका धक्क्यांत दिसला, तेव्हा तेथील प्रशासनाने ते धक्के बंद करून पाण्यात क्लोरीन व तांब्याचे क्षार मिसळले आणि काही आठवड्यांत त्याचा नायनाट केला. भारतात तो स्थायिक झाला. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाण्याआधी, मूळ ठिकाणीच तळ साफ करणे व खरवडलेला मल भरतीरेषेच्या वर टाकणे, याचे महत्त्व यावरून कळते. मुंबईहून रत्नागिरी किंवा मालवणला विकल्या जाणाऱ्या जुन्या नौकांच्या बाबतीत हा नियम विशेष कटाक्षाने पाळावा लागेल.

प्रत्येक बंदरातील पाण्याची क्षारता, गढूळपणा व डिंभांचा हंगाम भिन्न असल्याने वर दिलेले आठवडे स्थानिक निरीक्षणाने तपासून घ्यावे लागतात. त्यासाठीचे साधन स्वस्त आहे. नौकेला लावलेलाच रंग दिलेली एक व रंग न दिलेली दुसरी, अशा वीतभर लांबीच्या दोन फळ्या धक्क्याच्या खांबाला ओहोटीच्या पातळीखाली टांगाव्यात व दर आठवड्याला वर काढून पाहाव्यात. रंग न दिलेल्या फळीवर पांढरे ठिपके आले की पाण्यात सायप्रिस डिंभ असल्याचे समजावे. रंगीत फळीवरही ते आले की रंगाची शक्ती संपली. दोना पावलां अर्थात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या संस्था अशाच फळ्यांवर अभ्यास करतात. किनाऱ्यावरील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना वर्षभराची अशी नोंद एका साध्या भिंगाच्या साहाय्याने ठेवता येईल, आणि ऑगस्ट ते मे या दहा महिन्यांचा तक्ता त्या त्या बंदरातील मच्छीमार सहकारी संस्थेच्या फलकावर लावता येईल.